फोनमधला कोणता फोटो क्लाउडवर जावा?

रिसोडच्या बाजार समितीत सोयाबीन विकल्यावर मिळालेली काटापट्टी, पावसाने आडव्या झालेल्या तुरीचा फोटो, सातबारा, आधार कार्ड, पासबुकाचे पहिले पान, पुतणीचे बारसे, दवाखान्यातला रक्ताचा रिपोर्ट, लोणीच्या यात्रेतला घरच्यांचा फोटो आणि सकाळपासून ग्रुपवर आलेले सुप्रभातचे संदेश. वाशीम जिल्ह्यातल्या कोणाच्याही साध्या अँड्रॉइड फोनची गॅलरी उघडली, तर हे सगळे तारखेप्रमाणे एकाखाली एक लागलेले दिसते. त्यातले काय फोनमध्येच राहते आणि काय इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे क्लाउडवर जाऊन बसते, हे बहुतेकांना सांगता येत नाही. काहींना वाटते सगळे सुरक्षित आहे, पण एकही फोटो वर गेलेला नसतो. काहींना वाटते आपण काहीच पाठवलेले नाही, पण सगळी गॅलरी वर असते.

माणूस फोटोकडे पाहताना दोन प्रश्न मनात धरतो. हा हरवला तर काय जाईल? आणि हा परक्याच्या हाती पडला तर कोणाचे नुकसान होईल? फोनला हे दोन्ही प्रश्न पडत नाहीत. त्याला फक्त फोल्डर कळतो. कॅमेऱ्याने काढलेला फोटो एका फोल्डरमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला दुसऱ्यात, स्क्रीनशॉट तिसऱ्यात, एवढीच त्याची वर्गवारी. माणसाची निवड आणि फोनची निवड यांच्यातल्या या अंतरातूनच सगळे घोळ होतात. ते अंतर कसे भरून काढायचे, याचा हा आढावा.

फुकटाची सहा वर्षे

मे २०१५मध्ये गूगल फोटोज सुरू झाले तेव्हा त्यात कितीही फोटो मोफत ठेवता येत होते. अट एवढीच होती की फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८०पीपर्यंत दाबून ठेवला जाईल. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि तालुक्याच्या गावांत स्मार्टफोन घरोघर पोहोचला. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि काय ठेवायचे याचा विचार करण्याची गरजच उरली नाही. फोन भरला की बॅकअप चालू करायचा, फोन मोकळा करायचा आणि पुन्हा फोटो काढायचे.

१ जून २०२१पासून ही सवलत संपली. त्या दिवसानंतर वर गेलेला प्रत्येक फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजला जाऊ लागला, आणि ही जागा जीमेल, ड्राइव्ह व फोटोज या तिघांना मिळून आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटचा बॅकअप त्यानंतरही काही काळ या हिशेबाबाहेर होता. डिसेंबर २०२३पासून टप्प्याटप्प्याने तोही त्याच १५ जीबीत धरला गेला. मोबाइलच्या चांगल्या प्रकाशातल्या एका फोटोला साधारण ४ एमबी लागतात असे धरले, तर १५ जीबीत पावणेचार हजारांच्या आसपास फोटो बसतात, तेही मेल आणि चॅट शून्य असतील तर. एका मिनिटाचा १०८०पी व्हिडिओ ६० ते १३० एमबी खातो. घरातले एक लग्न आणि त्याची हळद एवढ्यातच ही जागा संपू शकते.

जागा संपली की नवे फोटो वर जाणे थांबते. त्याच वेळी त्या आयडीवर मेल येणे-जाणेही बंद पडते, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नोकरीच्या अर्जाचा किंवा परीक्षेच्या हॉलतिकिटाचा मेल अशा वेळी परत फिरतो. म्हणून काय वर जाऊ द्यायचे हा प्रश्न २०२१नंतर हौसेचा राहिला नाही.

फोन नेमकी निवड कशी करतो

अँड्रॉइडवर गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू केला की कॅमेऱ्याचा फोल्डर आपोआप वर जाऊ लागतो. बाकीचे फोल्डर आपण चालू करायचे असतात. उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर किंवा नावाच्या अक्षरावर बोट ठेवायचे, फोटोजच्या सेटिंगमध्ये जायचे, बॅकअप उघडायचा आणि त्यात ‘बॅकअप डिव्हाइस फोल्डर्स’ शोधायचे. तिथे फोनमधल्या फोल्डरांची यादी येते: व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस, व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ, स्क्रीनशॉट्स, डाउनलोड, इन्स्टाग्राम, आणि एखाद्या फोटो सजवायच्या अ‍ॅपने बनवलेला फोल्डर. प्रत्येकासमोर एक बटण असते. क्लाउडवर काय जाईल ते या पडद्यावर ठरते, आणि हा पडदा एकदाही न उघडलेले लोक खूप आहेत.

फोल्डरचे बटण बहुतेक वेळा नकळत चालू होते. फोन नवा असताना ‘या फोल्डरचा बॅकअप घ्यायचा का?’ असा प्रश्न येतो, आणि घाईत ‘हो’ दाबले जाते. नंतर गावाचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप यांतले सगळे त्या वाटेने वर जात राहते. याच्या उलटही घडले आहे. २०२०च्या मध्यावर, टाळेबंदीच्या काळात इंटरनेटवरचा ताण वाढला म्हणून, गूगलने व्हॉट्सअ‍ॅपसारख्या संदेशाच्या अ‍ॅपचे फोल्डर बॅकअपमधून स्वतःहून बंद केले होते. त्या काळात फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले, कॅमेऱ्यात नसलेले घरचे फोटो ज्यांना जपायचे होते, त्यांनी पुन्हा बटण चालू केले नसेल तर त्यांचे फोटो वर गेलेच नाहीत.

यापुढच्या चार गोष्टी प्रत्येकाला माहीत असायला हव्यात, कारण फोटो गमावण्याचे अनेक प्रसंग यांबद्दलच्या गैरसमजातून येतात.

पहिली: बॅकअप किंवा फोल्डर बंद केला की फक्त पुढचे फोटो थांबतात. आधी वर गेलेले तिथेच राहतात.

दुसरी: गूगल फोटोज अ‍ॅपमध्ये फोटो डिलीट केला की तो फोनमधून आणि क्लाउडवरून, दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, मग कायमचा जातो. ‘वरचा काढतो, फोनमधला राहील’ असे धरून डिलीट करणारा माणूस दोन्ही गमावतो.

तिसरी: ‘फ्री अप स्पेस’ हे बटण वर गेलेल्या फोटोंची फोनमधली प्रत काढून टाकते. त्यानंतर तो फोटो फक्त क्लाउडवर असतो, आणि जागा वाचवणारा पर्याय निवडलेला असेल तर दाबलेल्या रूपात असतो. पुढे त्या आयडीचा पासवर्ड हरवला तर फोटोही गेला.

चौथी: स्वयंचलित बॅकअप पूर्ण बंद ठेवूनही फोटो वर चढवता येतात. हवे तेवढे फोटो निवडायचे आणि खालच्या पर्यायांतून ‘बॅकअप’ दाबायचे, तेवढेच वर जातात. ज्याला खरोखर हाताने निवड करायची आहे त्याच्यासाठी ही सर्वांत स्वच्छ पद्धत आहे, आणि तीच सर्वांत कमी वापरली जाते.

आयफोनवर चित्र वेगळे आहे. आयक्लाउड फोटोज चालू केले की सगळी लायब्ररी वर जाते. अमुक अल्बम जावा आणि तमुक राहावा, असे सांगण्याची सोय तिथे नाही. मोफत जागा ५ जीबी. ‘हिडन’ अल्बममध्ये टाकलेला फोटोही आयक्लाउडवर जातोच, तो फक्त समोर दिसत नाही. त्यामुळे आयफोन वापरणाऱ्याला निवड करायची असेल तर आयक्लाउड फोटोज बंद ठेवून निवडक फोटो दुसरीकडे हाताने चढवावे लागतात. दुसरीकडे अ‍ॅपलने डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेत आणि जानेवारी २०२३पासून जगभर एक जादा सुरक्षा दिली. ती चालू केल्यावर फोटो कंपनीलाही उघडता येत नाहीत. मात्र ती स्वतःहून चालू होत नाही, आपण चालू करावी लागते, आणि परत मिळवण्याची किल्ली हरवली तर कंपनीही मदत करू शकत नाही.

वायफाय नसलेल्या घरात

ही सगळी व्यवस्था घरात वायफाय आहे असे धरून रचलेली आहे. गूगल फोटोज सुरुवातीला फक्त वायफायवरच फोटो वर पाठवते. रिसोड शहरात वायफाय आता बऱ्याच घरांत आहे. तालुक्यातल्या खेड्यांत मात्र फोन दिवसाच्या दीड-दोन जीबी डेटावरच चालतो. अशा फोनमध्ये बॅकअप चालू दिसतो, पण फोटो ‘वायफायची वाट पाहत आहे’ या ओळीखाली महिनोन्महिने पडून राहतात. फोन विहिरीत पडला किंवा बाजारात चोरीला गेला की मग कळते.

मोबाइल डेटावर बॅकअप चालू करता येतो. त्यात रोजची मर्यादाही घालता येते: ५, १०, ३० एमबी किंवा अमर्याद. ५ एमबीत एखादाच फोटो जातो, ३० एमबीत सात. व्हिडिओ डेटावरून जाऊ द्यायचे की नाही, याचे बटण वेगळे असते. ‘अमर्याद’ निवडून दीड जीबीचा दिवस बॅकअपलाच दिला, तरी पावणेचारशे फोटोंपलीकडे मजल जात नाही. वेगाचाही हिशेब करायला हवा. अपलोडचा वेग सेकंदाला दोन मेगाबिट असेल तर ४ एमबीच्या एका फोटोला १६ सेकंद लागतात आणि हजार फोटोंना साडेचार तासांच्या आसपास.

म्हणून ज्याच्याकडे वायफाय नाही त्याला निवड करण्यावाचून दुसरा मार्गच नाही. रोजच्या डेटातून महत्त्वाचे पाच-सात फोटो हाताने वर चढवणे हे त्याला सहज जमते. सगळी गॅलरी आपोआप वर जाईल या भरवशावर राहणे त्याला परवडत नाही.

शेतीच्या फोटोंबाबत हे फार महत्त्वाचे आहे. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने शेतात उभे राहून काढलेला फोटो अक्षांश-रेखांशासह महसूल विभागाकडे जातो. तो गॅलरीतल्या फोटोंपेक्षा वेगळा आहे. आपल्या क्लाउडशी त्याचा संबंध नाही आणि तो वर गेला म्हणजे आपल्याकडे त्याची प्रत आहे असेही नाही. पीक विम्यात स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत देण्याची अट अनेक हंगाम होती. तेव्हापासून पैनगंगेच्या काठच्या गावांत पाणी शिरले की पिकाचा फोटो काढून ठेवायची सवय लोकांना लागली. हा फोटो पुढे तक्रारीत, पंचनाम्याच्या वादात, बँकेत दाखवायला लागतो. तो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवला की फोटो दाबला जातो आणि त्यातली ठिकाणाची नोंदही निघून जाते. कॅमेऱ्यातली मूळ प्रतच कामाची, आणि तीच वर जायला हवी.

वाढीव जागेचा मोह

जागा संपली की कंपनी पैसे मागते. भारतात गूगलच्या १०० जीबीचा दर बराच काळ महिना १३० रुपये राहिला. अलीकडे ही जागा मोबाइल कंपन्या भेट म्हणून देऊ लागल्या आहेत. मे २०२५मध्ये एअरटेलने पोस्टपेड आणि वायफाय ग्राहकांना सहा महिने १०० जीबी दिली. ऑक्टोबर २०२५च्या शेवटी जिओने अमर्याद फाइव्ह-जी पॅक घेणाऱ्यांना गूगलची एक योजना १८ महिने मोफत जाहीर केली, त्यात २ टीबी जागा होती. जिओची स्वतःची क्लाउड सेवाही १०० जीबीच्या देकारासह आली.

ही भेट घेण्यात वाईट काही नाही, पण मुदत संपल्यावर काय होते ते आधी समजून घ्यावे. दीड वर्षात कोणी २०० जीबी फोटो वर टाकले आणि योजना संपली, तर तो मोफत १५ जीबीच्या तेरापट पुढे असतो. मग नवे फोटो जात नाहीत आणि मेल अडतात. दोन वर्षे मर्यादेबाहेर राहिले तर गूगल साठा पुसू शकते. न वापरलेल्या खात्यांबाबतही नियम आहे. दोन वर्षे कोणी उघडले नाही असे वैयक्तिक खाते पुसण्याचे काम गूगलने डिसेंबर २०२३पासून सुरू केले आहे. गेलेल्या आजोबांच्या फोनमधले फोटो ज्या आयडीवर आहेत तो आयडी घरातल्या कोणी तरी उघडत राहिला नाही, तर ते फोटोही जाऊ शकतात.

मोठी जागा मिळाली की निवड करण्याची सवय सुटते. २०१५ ते २०२१मध्ये हेच झाले होते. तेव्हाचा ढीग आज लोक निस्तरत आहेत.

दुसऱ्यांचे कागद आपल्या क्लाउडवर

या विषयावरची बरीचशी चर्चा स्वतःच्या फोटोंभोवती फिरते. आपल्याकडे खरा धोका दुसऱ्यांच्या कागदांचा आहे.

२०२४च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरणे सुरू झाले. नारीशक्ती दूत अ‍ॅपवर आधार कार्ड, रेशन कार्ड किंवा रहिवासाचा पुरावा, पासबुक आणि अर्जदार महिलेचा फोटो चढवायचा होता. अंगणवाडी सेविकांनी, आशाताईंनी आणि गावातल्या शिकलेल्या पोरांनी हे काम आपापल्या फोनवर केले. एका गावातल्या शे-दीडशे बायांचे कागद एका फोनच्या कॅमेऱ्यात उतरले. अर्ज गेले, पैसे आले, फोटो मात्र कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्येच राहिले. बॅकअप चालू असेल तर ते सेविकेच्या वैयक्तिक आयडीवर वर गेले, आणि तो आयडी जिथे जिथे उघडा आहे तिथे ते दिसू लागले: मुलाच्या फोनवर, विकलेल्या जुन्या फोनवर, नातेवाइकाच्या लॅपटॉपवर. त्या बाईने काही वाईट केलेले नाही. सरकारी काम वैयक्तिक फोनवर करायला लावले की हे होणारच.

रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३पासून दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो अ‍ॅपवर टाकणे सक्तीचे झाले. घरकुलाच्या प्रत्येक टप्प्याचा फोटो लागतो. शाळेत पोषण आहाराचे आणि कार्यक्रमांचे फोटो ग्रुपवर मागितले जातात. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी लोक आधार व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. वाशीम हा २०१८पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, त्यामुळे इथे योजना जास्त आहेत आणि योजनेपाठोपाठ फोटोही.

यावर उपाय अवघड नाही. कामाचे फोटो कॅमेऱ्याच्या फोल्डरमधून काढून वेगळ्या फोल्डरमध्ये हलवायचे, त्या फोल्डरचा बॅकअप बंद ठेवायचा आणि काम झाल्यावर सगळे पुसायचे. हलवण्याआधीच वर गेले असतील तर तेही पुसायचे आणि कचरापेटी रिकामी करायची. प्रिंटसाठी कागद घेणाऱ्या दुकानदाराने रोज संध्याकाळी त्या चॅटचे फोटो डिलीट करायचे. आधार कार्ड देताना आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार द्यायचे. स्वतःची कागदपत्रे गॅलरीत ठेवण्याऐवजी २०१५पासून असलेल्या डिजिलॉकरमध्ये ठेवायची. तिथली मूळ विभागाकडून आलेली प्रत कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीची धरली जाते.

लेकरांचे फोटो

क्लाउडवर गेलेला फोटो तिथे नुसता पडून राहत नाही, तो यंत्राकडून तपासलाही जातो. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे शोधण्यासाठी मोठ्या कंपन्या असे करतात. हेतू योग्यच आहे, पण यंत्राला संदर्भ कळत नाही. २०२१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वडिलांनी आजारी मुलाच्या जननेंद्रियावरील सुजेचा फोटो डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढला. तो आपोआप गूगल फोटोजवर गेला आणि यंत्राने तो आक्षेपार्ह ठरवला. त्यांचे खाते बंद झाले, पोलिसांपर्यंत तक्रार गेली. पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरवले, तरी खाते परत मिळाले नाही. २०२२मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे प्रकरण उजेडात आणले.

आपल्या शेजारच्या राज्यातही असे झाले. गुजरातमधल्या एका अभियंत्याने लहानपणी आजी आंघोळ घालत असतानाचा आपला फोटो गूगल ड्राइव्हवर ठेवला होता. २०२३मध्ये त्याचे खाते बंद झाले, त्यावरचा व्यवसायाचा सगळा पत्रव्यवहार अडकला, आणि २०२४मध्ये त्याला गुजरात उच्च न्यायालयात जावे लागले. आंघोळीचा, तेलमालिशीचा उघड्या बाळाचा फोटो आपल्याकडे घराघरात असतो. त्यात गैर काही नाही. पण तो आपोआप वर जाणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नये. डॉक्टरांना पाठवायचा फोटो तर काम झाल्याबरोबर पुसावा. गूगल फोटोजमधला ‘लॉक्ड फोल्डर’ अशा फोटोंसाठी बरा आहे. आपण मुद्दाम चालू केल्याशिवाय त्यातले फोटो वर जात नाहीत. मात्र फोन बिघडला तर तेही त्याच्याबरोबर जातात, हे ध्यानात ठेवावे.

कंपनीच्या चुकीनेही फोटो बाहेर जाऊ शकतात. नोव्हेंबर २०१९मध्ये काही दिवस, गूगलकडून आपला साठा उतरवून घेणाऱ्या काही लोकांच्या फाइलींत दुसऱ्यांचे व्हिडिओ मिसळले गेले होते, आणि कंपनीने ते फेब्रुवारी २०२०मध्ये मान्य केले. २०१४मध्ये हॉलिवूडच्या अभिनेत्रींचे खासगी फोटो आयक्लाउडवरून चोरले गेले, ते फसवे मेल पाठवून मिळवलेल्या पासवर्डांनी.

एक आयडी, चार फोन

तालुक्याच्या गावात नवा फोन घेतला की जीमेल आयडी बहुधा मोबाइलवालाच काढून देतो. पासवर्ड पावतीच्या मागे लिहिलेला असतो किंवा दुकानदाराच्या लक्षात असतो. पुढे तोच आयडी बापाच्या, पोराच्या आणि सुनेच्या फोनमध्ये टाकला जातो. मग एकाच्या कॅमेऱ्यातला फोटो दुसऱ्याच्या फोनवर दिसतो आणि एकाने जागा करण्यासाठी डिलीट केलेला फोटो सगळ्यांकडून जातो. सुनेचे माहेरचे फोटो सासऱ्यांच्या फोनवर उमटणे हे तंत्राचे प्रकरण राहत नाही. त्यातून घरात वाद होतात आणि बाईवर पाळतही ठेवली जाते.

फोल्डरांची कितीही काळजी घेतली आणि आयडी सामाईक राहिला, तर निवडीला अर्थ राहत नाही. प्रत्येकाचा आयडी वेगळा, पासवर्ड स्वतःला माहीत असलेला, आणि दुहेरी पडताळणी चालू. जुना फोन विकताना आयडी काढून फोन पूर्ण रिसेट करायचा. खात्याच्या सुरक्षेच्या पानावर कोणत्या उपकरणांवर आपण लॉगिन आहोत याची यादी असते. अनोळखी उपकरण दिसले तर तिथूनच ते बाहेर काढता येते.

आपण निवडले तरी समोरच्याचे काय, हाही प्रश्न आहे. दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकलेला फोटो त्यातल्या कित्येकांच्या क्लाउडवर जातो. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केले तरी तिथे पोहोचलेली प्रत परत येत नाही. नाजूक फोटो पाठवायचाच असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो एकदाच पाहता येईल असा पर्याय वापरावा. तसा फोटो गॅलरीत उतरत नाही. आपल्याकडे येणाऱ्या ढिगासाठी व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करावी, म्हणजे नवे फोटो गॅलरीत दिसत नाहीत. हे एकेका ग्रुपपुरतेही करता येते.

कायदा कुठपर्यंत

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. ऑगस्ट २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. घरगुती कामासाठी ठेवलेले फोटो या कायद्याबाहेर आहेत. व्यवसायासाठी लोकांचे कागद गोळा करणारा मात्र त्यात येतो, आणि काम संपल्यावर माहिती पुसण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. कोणाच्या खासगी अवयवांचा फोटो संमतीविना काढणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. असे काही घडले तर १९३० हा क्रमांक आणि जवळचे पोलीस ठाणे, दोन्हीकडे तक्रार करावी.

कायदा नुकसान झाल्यानंतर कामाला येतो. सरकारी विभागांनी मात्र आधीच एक गोष्ट करायला हवी. कर्मचाऱ्यांना कामासाठी वेगळा फोन किंवा निदान वेगळा आयडी द्यावा, आणि लोकांच्या कागदांचे फोटो अ‍ॅपमध्येच काढले जातील, गॅलरीत उतरणार नाहीत, अशी रचना करावी. ई-पीक पाहणीचा फोटो थेट अ‍ॅपमध्ये काढता येतो, तर आधार कार्डाचाही काढता येईल.

क्लाउडशिवायच्या वाटा

फोटो जपायला क्लाउड हा एकच मार्ग नाही. ओटीजी पेनड्राइव्ह फोनला लावून तासाभरात वर्षाचे फोटो उतरवता येतात, नेट लागत नाही आणि महिन्याचे पैसेही लागत नाहीत. पेनड्राइव्ह खराब होतो, म्हणून दोन ठिकाणी ठेवावे. छायाचित्रकारांमध्ये एक जुना नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फोन, पेनड्राइव्ह आणि निवडक फोटो क्लाउडवर, एवढ्यात तो नियम पाळला जातो. बंगळुरूत सुरू झालेल्या ‘एन्टे’सारख्या सेवा फोटो फोनवरच कुलूपबंद करून वर पाठवतात, त्यामुळे कंपनीला ते पाहता येत नाहीत, आणि फोल्डरची निवडही देतात. पासवर्ड सांभाळण्याची जबाबदारी तिथे पूर्ण आपली असते.

घरातले मोजके फोटो रिसोडच्या स्टुडिओत छापून अल्बममध्ये लावणे हाही बॅकअपच आहे, आणि तो पाहायला पासवर्ड लागत नाही.

निवाडा

सगळे वर पाठवणे चूक आहे आणि काहीच न पाठवणेही चूक आहे. जे हरवले तर परत मिळणार नाही आणि उघड झाले तर कोणाचे नुकसान होणार नाही, ते वर जाऊ द्यावे: घरचे समारंभ, आई-वडिलांचे फोटो, पिकाच्या नुकसानीच्या मूळ प्रती, काटापट्ट्या. जे उघड झाले तर दुसऱ्याचे नुकसान करेल, ते वर जाऊ देऊ नये: लोकांचे आधार आणि पासबुके, लेकरांचे उघडे फोटो, दवाखान्याचे कागद. आणि जे हरवले तरी चालते ते ठेवूच नये. सुप्रभातांचे ढीग त्यात पहिले.

यंत्राला हे कळणार नाही, म्हणून त्याला कळेल अशा भाषेत, म्हणजे फोल्डरांत, आपणच ते मांडून द्यावे लागेल. व्हॉट्सअ‍ॅप आणि स्क्रीनशॉटचे फोल्डर बंद, कामाच्या कागदांना वेगळा फोल्डर, आयडी स्वतःचा, आणि महिन्यातून एकदा निवडक फोटो हाताने वर. हे आज आपल्या फोनवर करा. मग घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमधला तो फोल्डरांचा पडदा त्यांच्याशेजारी बसून उघडा, आणि कोणता फोटो जपायचा ते त्यांनाच विचारून ठरवा.